पंखा जात होता की येत होता

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. भाऊजींनाही सांग, आणि त्यांच्या रक्तदाबाला वेगळा सांग, कारण मागच्या खेपेला आले होते तेव्हा घरात त्यांच्यापेक्षा त्याचाच मान जास्त होता. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलेलं असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस हे मला इथे बसून कळतं (कोणाकडून ते विचारू नकोस, तुझ्या सुनेचं नाव मी घेणार नाही). आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. पत्र का नाही, रागावलीस का, असं तू विचारलंस. रागावले नाही गं. लिहायला बसले की पहिलंच वाक्य कागदावर उतरायचं नाही. तर ते आता लिहूनच टाकते: ह्यांची बदली झाली, आणि ती बढतीची बदली नाही. हुश्श. आता पुढचं आपोआप येईल. हे पत्र मन हलकं करायला लिहिते आहे, तुमच्याकडे काही मागायला नाही, एवढं आधीच सांगते.

तू इथे एकदाच आलीस, तेही उभ्या उभ्या, त्यामुळे तुला इथली तऱ्हा माहीत नाही. आपल्या लहानपणी अलीकडचे आणि पलीकडचे हे नुसतं बोलण्यापुरतं होतं. जे डोंगराच्या ह्या बाजूला आधीपासून राहत होते ते अलीकडचे, आणि ज्यांचे पणजोबा डोंगर ओलांडून आले ते आपण पलीकडचे. आजोबा बोलताना शब्दाच्या शेवटी हेल काढायचे, तेवढीच काय ती आपल्याकडे पलीकडची इस्टेट. इथे मात्र सगळंच दोन-दोन आहे. दोन न्हावी, दोन फोटोवाले, दोन चहावाले, दोन डॉक्टर. दाढ दुखायला लागली की ती अलीकडची की पलीकडची हे ठरवून मग उठायचं. पलीकडे नक्की काय आहे ते आपल्यातल्या कोणीच पाहिलेलं नाही (ह्यांनी एकदा चौकशी केली, तिथे आता धरण आहे), तरी सगळे त्याच्या आठवणीनं गहिवरतात. कचेऱ्यासुद्धा वाटून घेतल्यासारख्या. पाणी अलीकडच्यांचं, वीज आपली. कागदोपत्री दोन्ही सरकारचीच, पण आपला नळ कोरडा पडला की आपण त्यांच्यातला कोणी ओळखीचा गाठायचा, आणि त्यांचा दिवा गेला की त्यांनी आपल्यातला. गाठताना रिकाम्या हातानं जायचं नाही हे कोणी सांगावं लागत नाही. ह्याला इथे भ्रष्टाचार म्हणत नाहीत, 'आपल्या माणसाकरवी' म्हणतात. भ्रष्टाचार म्हणजे समोरचे करतात तो.

ह्यांची जागा वजनमाप निरीक्षकाची. बाजारातले तराजू, काटे, लिटरची मापं तपासायची, खोटं निघालं तर दंड करायचा किंवा काट्याला सील ठोकायचं. आधीचा निरीक्षक अलीकडचा होता. म्हणून हे आले तेव्हा आपल्या वस्तीला खुर्चीच मिळाल्यासारखं झालं. ह्यांनी परीक्षा दिली होती, यादीत वरचा नंबर होता, ह्या गोष्टीवर कोणाचाच विश्वास नाही. आपल्या वस्तीतल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष तर चारचौघांत सांगायचे, आम्ही वर शब्द टाकला म्हणून पोराचं काम झालं. (पोर म्हणजे हे. ह्यांचे कानशिलावरचे केस कधीच पांढरे झालेत.) अध्यक्षांना सगळे मामा म्हणतात. त्यांची लोखंडाची वखार आहे. सळया, पत्रे, खिळे, सगळं वजनावर. त्यांना मामा म्हणायला भाचा असावं लागत नाही, एकदा त्यांच्याकडून खिळे घेतले की पुरतं.

ह्यांनी इथली पहिली धाड घातली ती चौकातल्या धान्यवाल्यावर. तो अलीकडचा आहे हे ह्यांच्या गावीही नव्हतं (माझ्या होतं, पण कचेरीचं मला कोण विचारतं). पारड्याच्या खालच्या बाजूला मेणाचा गोळा चिकटवलेला निघाला. ह्यांनी तो नखानं खरवडला, कागदात बांधला आणि दंड ठोठावला. धान्यवाला जाडजूड, मिशीवाला, आरडाओरडा करील असं वाटलं होतं. त्यानं मुकाट्यानं सही केली आणि पारडं धुऊन वाळत ठेवलं. पण संध्याकाळपर्यंत आपल्या वस्तीत बातमी अशी फिरली की आपल्या माणसानं त्यांची जिरवली. ह्यांनी काढलं होतं मेण, लोकांच्या लेखी कापलं होतं नाक. मंडळानं लगेच सत्कार ठेवला. हे नको नको म्हणत होते, पण मामांनी 'समाजाचा हट्ट आहे' म्हणून ओढून नेलं, आणि मलाही.

सत्काराचं काय सांगू. ह्यांना दोन शब्द बोला म्हटलं, तर हे उभे राहून काटा कसा तपासावा ते समजावून सांगायला लागले. 'काटा कोणाचाही असो, खोटा तो खोटाच' असं म्हणाले तेव्हा टाळ्या थांबेनात. सगळ्यांनी 'कोणाचाही' म्हणजे त्यांचाच असं धरलं होतं. मग मामांनी झाकण काढावं तसं एक फडकं ओढलं, आणि खाली पंखा. पायावर उभा राहणारा, मान फिरवणारा, मोठ्या जाळीचा. तो वहिनींनी स्वीकारावा असं जाहीर झालं. मला काही सुचलं नाही, मी दोन्ही हातांनी धरला, फोटोवाल्यानं (आपल्या) फोटो काढला, आणि परत निघताना तो कोणीतरी आमच्या रिक्षात ठेवूनही दिला.

तुला आमचं घर माहीत आहे. वरचा मजला, डोक्यावर पत्रा, खिडकी एकच आणि तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली. घरी आल्यावर मी तो लावला आणि समोर बसून राहिले. ताई, वाऱ्यानं केस उडायला लागले की बाईला उगीचच वाटतं आपण अजून बऱ्या दिसतो. हे दारात बूट हातात घेऊन उभे होते. सकाळी म्हणाले, "हा परत द्यायचा. नोकरीत असताना व्यापाऱ्याकडून असलं काही घेता येत नाही." मी म्हटलं व्यापाऱ्यानं कुठे दिलाय, मंडळानं दिलाय. ते म्हणाले मंडळ कोणाचं आहे. वाद फार झाला नाही, कारण मला माहीत होतं पंखा जाणार. मी एवढंच म्हणाले की द्यायचा तर द्या, पण पावती मागत बसू नका, आपलीच माणसं आहेत, त्यांना लागेल. ह्यांना पावतीची सवय आहे. धोब्याकडूनसुद्धा घेतात. पण त्या दिवशी 'बरं' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं, आणि नेमकं तेव्हाच ऐकायला नको होतं.

चोरून नेला तर लोकांना काळंबेरं वाटेल, म्हणून हे भर दुपारी, भर बाजारातून, पंखा खांद्यावर घेऊन पायी निघाले. सगळ्यांनी बघावं हाच हेतू. वायर गळ्यात गुंडाळलेली. पंख्याची मान सैल होती, त्यामुळे हे चालतील तसा तो दोन्ही बाजूंच्या दुकानांना नाही-नाही करत चालला होता असं मला नंतर कळलं. मंडळाचं दार उघडून चिटणिसांनी तो घेतला (चिटणीस म्हणजे मामांचे जावई), हे मोकळ्या हातांनी परत आले, आणि आम्हाला वाटलं, संपलं. ह्यांची इच्छा होती तसं सगळ्या बाजारानं पाहिलं होतं. फक्त काय पाहिलं ते ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात तेलवाल्याकडून एक टेबलपंखा आला. नवा निरीक्षक पंखे घेतो, पैसे घेत नाही, अशी बाजारात समजूत झाली होती. ती चांगल्या मनानं झाली होती गं. माणूस सभ्य दिसतो, उकाड्याचा त्रास आहे बिचाऱ्याला, असं. मग कापडवाला आला आणि जिन्यात उभा राहून अदबीनं विचारतो, "वहिनी, छताला लावायचा चालेल की उभाच हवा?" एका भाजीवाल्या म्हातारीनं विणलेला हातपंखा पाठवला. तो परत करताना मला रडू आलं, कारण तिचा तराजू अगदी खरा होता, तिला नुसती भीती होती. ह्या एका बाबतीत अलीकडचे-पलीकडचे असा काही भेद उरला नाही. एवढी एकी मी इथे त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. हे प्रत्येक पंखा परत पोचवत होते, आणि आता मात्र दर पंख्याची पावती घेत होते. 'पंखा परत मिळाला, चालू स्थितीत.' खाली सही. त्या पावत्या टाचणीनं एकत्र टोचून ठेवल्या होत्या, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून.

मग मामांच्या काट्याचं निघालं. तक्रार केली ती आपल्याच एका गवंड्यानं. सळया घ्याव्यात तेवढ्या कमी भरतात म्हणाला, आणि सांगून झाल्यावर माझं नाव नको म्हणाला. हे वखारीत गेले. आपली पेटीतली वजनं काट्यावर ठेवली. काटा दर खेपेला थोडा मालकाकडे झुकत होता. मामांनी चहा मागवला. हे म्हणाले काट्याला सील करावं लागेल. मामा हसले, म्हणाले, "आपल्याच काट्याला?" हे म्हणाले, "काटा आपला नाही मामा, तुमचा आहे." झालं. ह्यांना कळतच नाही की काही वाक्यं खरी असली तरी मोठ्यानं बोलायची नसतात.

संध्याकाळी मामा घरी आले. ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. मी तुझ्या वडिलांसारखा, म्हणाले. उद्या तुमच्या घरात काही झालं तर खांदा द्यायला सरकार येणार नाही, आम्हीच येणार. एवढं नवऱ्याला समजाव. ते गेल्यावर मी समजावलं, ताई. खोटं कशाला बोलू. म्हटलं सील कशाला, नोटीस द्या, मुदत द्या, काटा दुरुस्त करून घेतील. ह्यांनी विचारलं, "धान्यवाल्याला दिली होती मुदत?" मी म्हटलं तो वेगळा. "कसा वेगळा?" म्हणाले, आणि खरंच उत्तराची वाट बघत बसले. मी भात उतू जातोय म्हणून उठले. भात चुलीवर चढवलासुद्धा नव्हता.

सील लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही ना अलीकडचे राहिलो ना पलीकडचे. आपला चहावाला ह्यांच्या कपात साखर विसरायला लागला. आपला शिंपी माझे दोन ब्लाउज 'कापडच सापडत नाही' म्हणतो, आणि त्यातलं एक कापड मी त्याच्या बायकोच्या अंगावर पाहिलं. आपले डॉक्टर दवाखान्यात बसलेले खिडकीतून दिसतात आणि आत निरोप दिला की बाहेर गेलेले असतात. आपल्या बायका मी दिसले की बोलण्याचा विषय बदलतात, तोही इतक्या घाईत की एकदा मधेच पावसाबद्दल बोलायला लागल्या, ऐन उन्हाळ्यात. बरं, अलीकडच्यांनी जवळ करावं तर तेही नाही. त्यांनी दोन-चार दिवस कौतुक केलं, मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यानं स्वतःच्या माणसाला सोडलं नाही तो आपल्याला कशाला सोडतोय. तेही शहाणे झाले.

आणि मग तक्रार-अर्ज गेला. त्यात असं: निरीक्षकांनी सत्काराच्या वेळी व्यापाऱ्यांच्या मंडळाकडून पंखा घेतला. तो त्या दिवशी मंडळातच राहिला होता, दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले, आणि साऱ्या बाजारानं पाहिलं. खाली मामांची सही. म्हणजे बघ, पंखा दिल्याचं त्यांनी कबूलच केलं, फोटोही जोडला, त्यात मी हसते आहे. प्रश्न एवढाच उरला की दुसऱ्या दिवशी दुपारी तो पंखा बाजारातून जात होता की येत होता.

चौकशीला वरून एक अधिकारी आले. सडपातळ, सर्दी झालेले, बोलण्यात कुठलाच हेल नाही. ते अलीकडचे की पलीकडचे ह्याचा सगळ्यांनी दिवसभर शोध घेतला. जेवायला कोणाच्या खाणावळीत जातात ह्यावर दोन्हीकडून माणसं नजर ठेवून होती. त्यांनी डबा आणला होता. कचेरीच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. उकाडा एवढा की दार उघडंच ठेवलं, म्हणून बाहेरच्या बाकावरून मला सगळं ऐकू आलं. चहावाल्यानं सांगितलं, पंखा घराकडे येत होता. शिंप्यानं सांगितलं, येत होता, मी सुईत दोरा ओवत होतो, मान वर केली तर समोर पंखा. चिटणीस म्हणाले मंडळात पंखा परत आलेलाच नाही, जो आहे तो वेगळा, आम्ही नंतर घेतला. पावती आहे का, असं अधिकाऱ्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी माझ्याकडे दारातून एकदा पाहिलं. म्हणाले, त्याची नाही. इतरांच्या आहेत. आणि तो पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. अधिकाऱ्यांनी एकेक पावती उलटून पाहिली, शिंकले आणि म्हणाले, "इतके पंखे तुमच्याकडे येत का होते, हे मला कळत नाहीये." ह्यांनाही ते सांगता येईना.

आता सगळं बुडालं असं वाटलं तोवर धान्यवाला आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याच्या लोकांनी त्याला बजावलं होतं की पलीकडच्यांची आपसातली भांडणं आहेत, तू मधे पडू नकोस. आपल्यातले तर उघड म्हणत होते, ह्याची साक्ष घेणार म्हणजे निरीक्षक विकलाच गेला. तो आत जाऊन उभा राहिला आणि सांगितलं, पंखा मंडळाकडे जात होता, माझ्या दुकानावरून पुढे मंडळाच्या पायऱ्या चढताना मी पाहिलाय.

"ह्यांनी तुम्हाला दंड केला होता ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"केला होता."

"मग त्यांच्या बाजूनं कसे बोलता?"

"बाजूनं कुठे बोलतोय साहेब. जे पाहिलं ते सांगतोय. माझ्या पारड्याखाली मेण होतं, तर ह्यांनी मेण असंच लिहिलं. दगड होता असं नाही लिहिलं."

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. मग लिहायला लागले. पेनाचा आवाज मला बाहेर येत होता आणि तो चांगला आवाज होता, ताई, काही आवाज कळतात. मी पदरानं तोंड पुसलं. अधिकारी लिहिता लिहिताच, मान वर न करता ह्यांना म्हणाले, "म्हणजे पंखा परतच जात होता. घराच्या दिशेनं तुम्ही तो कधीच नेला नाहीत, असं लिहितो. बरोबर?"

बरोबर म्हणायचं होतं. एक शब्द. 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

हे म्हणाले, "थोडा वेळ येतही होता."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. हे आपले काटा तपासल्यासारखे सांगायला लागले. पाण्याच्या टाकीपाशी पोचल्यावर मी थांबलो. घरात पत्र्यामुळे फार उकडतं. आदल्या दिवशी बायको पंख्यासमोर बसली होती, तिला तो फार आवडला होता. ती मला इतकी छान दिसली नव्हती बऱ्याच वर्षांत. म्हणून मी परत फिरलो. घड्याळवाल्याच्या दुकानापर्यंत आलो, तिथे पुन्हा विचार केला आणि पुन्हा वळून मंडळात गेलो. तेव्हा चहावाला आणि शिंपी बोलले ते खोटं नाही. त्यांनी तेवढंच पाहिलं असेल.

"हे तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं," अधिकारी म्हणाले. रागानं नव्हे, जरा थकून.

"तुम्ही 'कधीच' म्हणालात," हे म्हणाले.

ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली. नव्या साडीत समोर उभी राहिले तरी ह्या माणसाच्या तोंडून कधी बरी दिसतेस एवढंही निघालं नाही. आणि निघालं ते सरकारी चौकशीत, साक्षीदारांसमोर, लेखी. मी बाकावर बसून रडत होते, आणि शेजारी बसलेल्या शिंप्याला वाटलं नवऱ्याची नोकरी जाणार म्हणून रडते आहे. त्यानं मला त्याचा रुमाल दिला. (ब्लाउजचं कापड मात्र अजून दिलेलं नाही.)

निकाल लागला: पंखा परत केल्याचं पुरेसं सिद्ध होत नाही, वर्तनात संशयाला जागा राहते. पगारवाढ रोखली आणि बदली दूरच्या गोदामात, जिथे मोडीत काढलेले काटे आणून टाकतात. तिथे तपासायला काही नाही, नुसतं राखायचं. घरी आल्यावर मी ह्यांना खूप बोलले. काय गरज होती, म्हटलं, त्या दोन पावलांची? जग हत्ती पचवून ढेकर देत नाही. हे ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पण आलो होतो ना मी थोडा." त्याच्यावर काय बोलायचं? परत फिरले ते माझ्यासाठी, आणि पावती घेतली नाही तीही माझ्यासाठी. दोन्ही वेळा मी मधे नसते तर आज हे त्याच खुर्चीत असते. हल्ली जेवताना मधेच थांबतात आणि विचारतात, "टाकीपासून वळलो नसतो तर, नाही का?" मी म्हणते जेवा. पूर्वी बाजारातून आल्यावर कोणाचा काटा कसा आहे ते तासभर सांगायचे आणि मला कंटाळा यायचा. आता काहीच सांगत नाहीत. मला तो कंटाळा हवा आहे.

बाकी इथे सगळं सुरळीत आहे. ह्यांच्या जागेचा तात्पुरता कारभार शेजारच्या निरीक्षकाकडे दिलाय. तो अलीकडचा, तेव्हा आपल्या वस्तीत आधी जरा धास्ती होती. पण मामांच्या काट्याचं सील त्यानं आल्या आल्या काढलं. त्यांच्यात काय ठरलं मला माहीत नाही, पण डोंगर काही मधे आला नाही. काटा पूर्वीसारखाच झुकतो. तो तक्रार करणारा गवंडी अजून सळया तिथूनच घेतो. घ्यायच्याच तर आपल्या माणसाकडून घेतलेल्या बऱ्या, असं त्याच्या बायकोनं मला तोंडावर सांगितलं. धान्यवाल्याला त्यांच्या व्यापारी मंडळात आता मागच्या रांगेत बसवतात. तो निकालानंतर एकदा आला होता, वर आला नाही, जिन्यातच उभा राहिला. म्हणाला, साहेब, ते 'येत होता'चं नसतं सांगितलं तर चाललं असतं. हे म्हणाले, तुमचं मेणही चाललं होतंच की. दोघं हसले. चौकशीपासून मी ह्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेही एका अलीकडच्याबरोबर, जिन्यात.

असो. सामान बांधतो आहोत. मला कोणाचा राग नाही. मामांचासुद्धा नाही, त्यांनी जे केलं ते सगळेच करतात. वाईट एवढंच वाटतं की आपल्या घरी एक सरळ माणूस होता आणि मी त्याला जरा वाकवायला गेले. तो नीट वाकलाही नाही आणि आता सरळही राहिला नाही. तुझं बरं आहे, भाऊजींच्या खात्यात वजनं नाहीत. गुडघ्याला जप. सुनेवर रागावू नकोस, ती चांगली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. १ : भाऊजींच्या कानावर हे सगळं घालशील का? बदल्या बघणारे साहेब रोज सकाळी भाऊजींबरोबर फिरायला जातात असं तू मागे म्हणाली होतीस. फार काही नको. इथेच ठेवा असंही मी म्हणत नाही. पण ते गोदाम नको. ह्यांच्या हाताला खरा काटा हवा, नाहीतर हा माणूस बसल्या जागी गंजून जाईल.

ता. क. २ : ते साहेब आईकडून पलीकडचे आहेत असं इथे कळलं. तेव्हा भाऊजींनी चालता चालता आपणही पलीकडचे आहोत हे सहज बोलण्यात येऊ द्यावं. आजोबांसारखा थोडा हेल काढला तरी त्यांच्या लक्षात येईल. आणि जाताना काही न्यायला हवं असेल तर काय ते कळव, मी पाठवते. एवढं सगळं लिहून शेवटी हेच लिहिते आहे, हे मला दिसतंय. तरी खोडत नाही.

ता. क. ३ : ह्यांना ह्यातलं काही कळायला नको. पाकीट चिकटवून ह्यांच्याच हातात देते आहे, टपालाची पेटी कचेरीच्या वाटेवर आहे. एवढं काय लिहितेस, असं मघाशी विचारलं. मी म्हटलं, ख्यालीखुशाली. "बरं" म्हणाले आणि पेटीची वेळ चुकायला नको म्हणून बूट घालून बसले आहेत. इतक्या लोकांनी ह्यांचं खरं खोटं ठरवलं, आणि हे माझं खोटं एका दमात खरं मानून मोकळे. तेव्हा भाऊजींना सांगायचं की नाही ते आता तूच ठरव, माझ्यानं ठरववत नाही. फक्त सांगायचं ठरवलंस तर लवकर सांग. सामानाचा ट्रक सोमवारी येणार आहे.